मिरगाच्या आधी गेमची बेगमी: हातातल्या कन्सोलमधली जागा कशी वाढवायची

मे महिना आला की आमच्या मालवणी घरात बेगमी सुरू होते. लाकूडफाटा पडवीत येतो, सुकी मासळी डब्यात जाते, आमसुलं बरणीत भरतात. मिरग लागला की बाजारात जाणं जिवावर येतं, म्हणून जे लागणार ते आधीच घरात. हातातल्या गेमिंग यंत्राची जागा वाढवणं मी याच हिशेबात धरतो. मुंबई-पुण्याच्या माणसाला जागा कमी पडली तर तो एक गेम उडवतो आणि हवा तेव्हा पुन्हा उतरवून घेतो. आमच्याकडे तारेवर माडाचं झाप पडलं की दोन दिवस इंटरनेटची लाईनच नसते. उडवलेला गेम परत कधी मिळेल, हे त्या झापावर ठरतं.

साधा हिशेब बघा. 'बाल्डर्स गेट ३' या गेमला १५० जीबी जागा लागते. लाईन ४० एमबीपीएसची असेल आणि एकदाही तुटली नाही, तर तो उतरायला सव्वाआठ तास लागतात. मोबाईलच्या रोज २ जीबीच्या पॅकवर उतरवायचा म्हटला तर ७५ दिवस, म्हणजे मिरगाला सुरू केलेला गेम श्रावण लागला तरी चालूच. त्यामुळे आमच्याकडे जागा वाढवायची ती नवीन गेम घेण्यासाठी कमी आणि उतरवलेला गेम पुसायला लागू नये म्हणून जास्त.

हा लेख नवख्यांसाठी आहे. माझ्याकडे स्टीम डेक आहे, म्हणजे 'स्टीम' हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीचं यंत्र, त्यामुळे त्याबद्दल जास्त बोलेन. बाकीच्या यंत्रांचंही जिथे वेगळं आहे तिथे सांगतो.

आधी कणगीत काय आहे ते बघा

कार्ड विकत घेण्याआधी अर्धा तास बसून यादी करा. स्टीम डेकवर सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज' उघडलं की प्रत्येक गेमने किती जागा खाल्ली ते मोठ्यापासून लहानापर्यंत दिसतं. बहुतेकांना इथेच धक्का बसतो. दोनशे गेमची लायब्ररी असली तरी जागा खाणारे पाच-सहाच निघतात. 'स्टारड्यू व्हॅली'सारख्या गेमला ५०० एमबी पुरतात. असे गेम कितीही ठेवा, कणगीला पत्ता लागत नाही.

यादीचे तीन भाग करा. सध्या खेळताय ते, कधीही खेळावेसे वाटतील ते लहान गेम, आणि 'पावसात निवांत बघू' म्हणून घेऊन ठेवलेले मोठे. पहिला भाग आतल्या डिस्कवर, बाकीचे दोन कार्डावर. कार्ड किती मोठं घ्यायचं हे तिसऱ्या भागाच्या बेरजेवरून ठरवा आणि त्यात थोडी भर घाला. डिस्क असो वा कार्ड, दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवावीच लागते. गेमचा अपडेट येतो तेव्हा जुन्या फायलींशेजारी नव्या बांधल्या जातात आणि मग जुन्या जातात. तेवढी मोकळी जागा नसेल तर अपडेट अडकून बसतो, आणि अडकलेला अपडेट म्हणजे न चालणारा गेम.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे दुकानदाराशी भांडायला जाणार नाही. ५१२ जीबीचं कार्ड विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसतं आणि १ टीबीचं ९३१. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने. कुणी चोरी केलेली नसते.

तुमच्या यंत्राला काय चालतं

स्टीम डेक फेब्रुवारी २०२२ मध्ये एलसीडी पडद्याचा आला, तेव्हा ६४, २५६ आणि ५१२ जीबी अशा तीन प्रकारांत मिळत होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये ओलेड पडद्याचा आला, त्यात ५१२ जीबी आणि १ टीबी. सगळ्यांना खालच्या कडेला मायक्रोएसडी कार्डाची खाच आहे आणि आतली डिस्क बदलता येते, अगदी ६४ जीबीवाल्याचीसुद्धा. आतली डिस्क २२३० मापाची, म्हणजे २२ मिलीमीटर रुंद आणि ३० लांब. हे माप पाठ करा. लॅपटॉपमध्ये सर्रास असते ती २२८०, म्हणजे ८० मिलीमीटर लांब, आणि ती इथे बसत नाही.

विंडोजवर चालणाऱ्या यंत्रांत असूसच्या आरओजी ॲलायचं २०२३ चं मॉडेल २२३० घेतं, तर पुढच्या वर्षी आलेलं ॲलाय एक्स २२८०. नाव जवळजवळ तेच आणि माप वेगळं, त्यामुळे मागवताना पाटी नीट वाचा. लेनोवोच्या लीजन गोमध्ये मधलं माप, २२४२. पहिल्या ॲलायमध्ये कार्डाची खाच उष्णतेमुळे बिघडण्याचा त्रास बऱ्याच जणांना झाला आणि कंपनीने तो मान्यही केला. ते यंत्र असेल तर कार्डावर फार भिस्त ठेवू नका, सरळ डिस्क मोठी करा.

निन्टेन्डो स्विचमध्ये आतली जागा ३२ जीबी, ओलेड मॉडेलमध्ये ६४. डिस्क बदलायची सोय नाही, कार्डच घालायचं, २ टीबीपर्यंतचं चालतं. गेम कार्डावर जातो, पण तुम्ही खेळून साठवलेली प्रगती यंत्रातच राहते. म्हणजे कार्ड गेलं तर गेम परत उतरवावा लागेल, पण खेळ वाया जात नाही. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ मध्ये २५६ जीबी आहेत, पण तिथे गेमसाठी फक्त मायक्रोएसडी एक्सप्रेस प्रकारचं कार्ड लागतं. जुनं साधं कार्ड घातलं तर त्यातले फोटो आणि व्हिडिओ तेवढे बघता येतात. दुबईहून भावाने 'तुझ्यासाठी कार्ड घेतलंय' असा फोन केला तर पाकिटावर 'एक्सप्रेस' लिहिलंय का ते त्याच फोनवर विचारून घ्या.

कार्ड निवडताना

कार्डाच्या पाकिटावर चिन्हांची जत्रा असते. त्यातली दोन-तीनच कामाची. 'यू३' किंवा 'व्ही३०' म्हणजे लिहिण्याचा वेग सेकंदाला निदान ३० एमबी सलग टिकेल. 'ए१' आणि 'ए२' म्हणजे बारीकसारीक फायली भराभर शोधून देण्याची क्षमता. ए२ चा आकडा ए१ पेक्षा मोठा आहे, पण तो पूर्ण मिळायला यंत्राचीही साथ लागते. दोन्हींत किमतीचा फरक जास्त असेल तर मी ए१ घेऊन गप्प बसेन.

'सेकंदाला २०० एमबी' अशा मोठ्या अक्षरांना भुलू नका. स्टीम डेकची खाच यूएचएस-वन आहे, ती १०० च्या आसपास थांबते. त्याहून वेगवान कार्ड घातलं तर ते त्याच वेगाने चालेल, बोटीला इंजिन कितीही मोठं लावलं तरी खाडीत गाळ असला की गाळाच्याच हिशेबाने जावं लागतं. आतली डिस्क कागदावर कार्डाच्या वीस-तीस पट वेगवान आहे. खेळताना मात्र फरक तेवढा जाणवत नाही, कारण गेम उघडताना बराच वेळ प्रोसेसर फायली सोडवण्यात घालवतो. कार्डाचा हळूपणा खरा कळतो तो अपडेटच्या वेळी. चार-पाच जीबीचा अपडेट उतरतो पटकन, पण कार्डावरच्या मोठ्या फायली पुन्हा लिहीत अर्धा-पाऊण तास बसतो. दर आठवड्याला अपडेट मागणारे ऑनलाइन गेम म्हणूनच कार्डावर ठेवू नयेत.

१ टीबीचं एक घ्यावं की ५१२ ची दोन? मी दोन घेतली. स्टीम डेक दोन्ही ओळखतो, जे घालू त्यातले गेम खेळायला तयार दिसतात. एक बिघडलं तर निम्मीच बेगमी जाते. पण ज्याला बारीक वस्तू हरवायची सवय आहे त्याने एकच घ्यावं आणि ते कधी काढूच नये. नखाएवढं कार्ड चिऱ्याच्या पायरीच्या भेगेत गेलं की गेलंच.

खरं की खोटं

ही पायरी सगळे टाळतात. मीही टाळली होती.

माझं पहिलं १ टीबीचं कार्ड निम्म्या किमतीत मिळालं होतं, तेव्हाच ओळखायला हवं होतं. पाकीट चकचकीत, नाव नामांकित, यंत्रात घातल्यावर १ टीबी दिसलंही. दोन-तीन लहान गेम ठेवले, छान चालले. चौथा मोठा ठेवला आणि पहिले दोन उघडेनासे झाले. आत मुळात ३२ जीबीच होते. अशा कार्डातला छोटा प्रोग्राम 'मी १ टीबी आहे' असं यंत्राला खोटं सांगतो, आणि खरी जागा संपली की नवीन माल जुन्यावरच लिहीत जातो किंवा सरळ हवेत टाकतो. यंत्राला यातलं काही कळत नाही. कळतं ते तुम्हाला, महिन्याभराने, जेव्हा कार्ड परत करायची मुदत संपलेली असते.

म्हणून कार्ड हातात आलं की त्यात काहीही ठेवण्याआधी तपासा. विंडोज लॅपटॉपवर 'एचटूटेस्टडब्ल्यू' नावाचा छोटा फुकट प्रोग्राम आहे, लिनक्स आणि मॅकवर 'एफ३'. दोन्ही एकच करतात. कार्ड काठोकाठ आपल्या फायलींनी भरतात आणि मग एकेक परत वाचून ताडून बघतात. धान्य मापून घ्यावं तसंच. चांगल्या ५१२ जीबी कार्डाला यात चारेक तास जातात, आणि मधेच लाईट गेली तर पुन्हा पहिल्यापासून. लॅपटॉपची बॅटरी भरून घ्या, लॅपटॉप झोपी जाणार नाही अशी सेटिंग करा आणि रात्री लावून झोपा. सकाळी एकही चूक दाखवली नाही तर कार्ड तुमचं. एक जरी दाखवली तर त्याच पाकिटात घालून परत पाठवा, 'बघू चालतंय तोवर' असं करू नका.

कार्ड बसवणं

स्टीम डेकमध्ये कार्ड घातलं की सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज'खाली दिसतं. तिथूनच ते फॉरमॅट करायचं, म्हणजे पुसून नव्याने मांडायचं. काही मिनिटं लागतात, तेवढ्यात यंत्र हलवू नका. मग नवीन गेम आपोआप कार्डावर जावेत अशी इच्छा असेल तर त्याला 'डीफॉल्ट' करा. आधीचे गेम हलवायचे तर त्याच पानावर गेम निवडून कार्डावर पाठवता येतात. १०० जीबीचा गेम हलवायला निदान अर्धा तास धरा.

आता इशारा. स्टीम डेक कार्डाला 'ईएक्सटी४' नावाची लिनक्सची मांडणी देतो. ती विंडोजला वाचता येत नाही. असं भरलेलं कार्ड विंडोज लॅपटॉपमध्ये घातलं की पडद्यावर नम्रपणे विचारणा होते, 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची आहे, करू?' माझा भाचा चतुर्थीच्या सुट्टीत आला होता, त्याने कार्ड कुतूहलाने आपल्या लॅपटॉपला लावलं आणि 'मामा, कार्ड खराब आहे, फॉरमॅट करतो' म्हणून बोट पुढे केलं. मी आरती सोडून धावलो. तिथे 'नको' म्हणायचं आणि कार्ड काढून घ्यायचं, एवढंच.

विंडोजवरच्या यंत्रांना हा त्रास नाही, तिथे कार्ड 'एनटीएफएस' मांडणीत घ्या आणि स्टीमच्या स्टोरेज पानात नवीन फोल्डर म्हणून जोडा. स्विचमध्ये कार्ड यंत्रातूनच फॉरमॅट करा. मोठी कार्डं 'एक्सएफएटी' मांडणीची असतात, ती वाचण्यासाठी स्विच एकदा इंटरनेटवरून सिस्टम अपडेट मागतो, तेव्हा हे काम लाईन असताना उरकून घ्या.

आणि गेम चालू असताना, किंवा अर्धवट थांबवून यंत्र झोपवलेलं असताना, कार्ड ओढू नका.

भरायचं कसं

जागा झाली, आता माल. इथे एक सोय आहे जी आपल्या भागासाठीच केल्यासारखी आहे. २०२३ पासून स्टीममध्ये एका यंत्रावरचा गेम दुसऱ्या यंत्रावर घरातल्या वायफायवरून घेता येतो. इंटरनेटवरून फक्त ओळखपाळख आणि किरकोळ माहिती येते, मुख्य माल शेजारच्या यंत्रातून. गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा त्यांच्या लॅपटॉपमध्ये मुंबईच्या फायबरवर उतरवलेले गेम असतातच. लाडू-मोदकांबरोबर तेही उतरवून घ्यायचे.

करायचं असं. दोन्ही यंत्रं एकाच राऊटरला जोडा, जमल्यास ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर. लॅपटॉपवर स्टीमच्या सेटिंग्जमध्ये 'डाउनलोड्स'खाली स्थानिक नेटवर्कवरून गेम देण्याची परवानगी आहे, ती स्वतःच्याच खात्यापुरती, मित्रांपुरती किंवा सगळ्यांसाठी अशी ठरवता येते. भाच्याचं खातं वेगळं असेल तर तुम्ही दोघं स्टीमवर मित्र असायला हवेत आणि तो गेम तुमच्याही लायब्ररीत हवा. दोन्हीकडे तोच गेम अद्ययावत असू द्या. मग तुमच्या यंत्रावर नेहमीसारखं 'इन्स्टॉल' दाबा. माल शेजारून येतोय हे डाउनलोडच्या पानावर दिसतं. राऊटर बरा असेल तर तो १५० जीबीचा गेम आरती-जेवणं होईपर्यंत कार्डावर असतो. बाहेरची लाईन त्या वेळी गोगलगायीसारखी असली तरी चालते, पण पूर्ण बंद मात्र नको, कारण दोन्ही खाती स्टीमला लागलेली असावी लागतात.

आणि गेम उतरला म्हणजे झालं असं समजू नका. स्टीम डेकवर विंडोजचे गेम 'प्रोटॉन' नावाच्या थरातून चालतात आणि पहिल्यांदा उघडताना तो थर, शेडर (पडद्यावरचं चित्र रंगवायच्या फायली), एखादी पूरक फाईल असं काहीबाही मागवलं जातं. पावसात लाईन गेल्यावर गेम पहिल्यांदा उघडाल तर तो तोंड पाडून बसेल. म्हणून बेगमी भरल्यावर प्रत्येक गेम लाईन असताना एकदा उघडा, मुख्य पडद्यापर्यंत जा, बंद करा. मग यंत्र ऑफलाइन करून दोन-तीन उघडून बघा. मला हे शहाणपण जुलैमध्ये आलं, तुम्हाला मेमध्येच यावं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा सिंधुदुर्गात कित्येक गावं दिवसच्या दिवस अंधारात होती. स्टीम डेक तेव्हा बाजारात यायचाच होता, पण तेव्हापासून 'लाईन नाही' हेच मूळ धरून मी सगळी मांडणी करतो.

बेगमीत पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला 'राजी' जरूर ठेवा. २०२० चा आहे, भारतीय पुराणकथांवरचा, आणि घरच्यांना पडदा दाखवला तर 'काय मारामारी चाललीय' असं न म्हणता थांबून बघतात.

आतली डिस्क बदलायची असेल तर

कार्डाने भागत असेल तर इथे थांबा, खरंच. डिस्क बदलणं अवघड नाही, पण यंत्र उघडावं लागतं. ज्याच्याकडे ६४ जीबीवाला डेक आहे त्याने मात्र बदलावीच. तिथे गेम सगळे कार्डावर ठेवले तरी शेडर आणि प्रोटॉनचा पसारा आतली जागा खातोच.

स्टीम डेकची भारतात अधिकृत विक्री नाही. बहुतेकांकडे तो कुणाच्या तरी सामानातून आलेला असतो, म्हणजे वॉरंटीची आशा आधीच सोडलेली. ॲलायसारखं इथे विकत घेतलेलं यंत्र असेल तर उघडण्याआधी वॉरंटीची अट वाचा.

डिस्क घेताना २२३० माप, एनव्हीएमई प्रकार आणि चिप एकाच बाजूला असलेली, हे तीन बघा. स्टीम डेकची डिस्क जोडायची वाट, म्हणजे पीसीआयई, तिसऱ्या पिढीची आहे. चौथ्या पिढीची डिस्क त्यात बिनतक्रार चालते, पण जादा वेग मिळत नाही, तेव्हा त्यासाठी जादा पैसेही देऊ नका. थोडी कापाकापी करून २२४२ बसवल्याचे व्हिडिओ दिसतील. व्हॉल्व्हच्याच माणसाने २०२२ मध्ये जाहीरपणे तसं करू नका म्हणून सांगितलं, कारण तिथली उष्णता बाहेर टाकायची रचना बिघडते.

यंत्र उघडायचं ते डिसेंबर ते फेब्रुवारीत. हवा कोरडी, घाम नाही. मे महिन्यात पंखा बंद करून बारीक स्क्रूंवर वाकलात की नाकाच्या शेंड्यावरचा थेंब नेमका सर्किटवर पडतो. पंखा चालू ठेवलात तर स्क्रू उडतात. कोरड्या हवेत अंगात वीज साठण्याचा धोका थोडा वाढतो, म्हणून सुरू करण्याआधी लोखंडी नळाला हात लावून घ्या आणि सिंथेटिक कपडे घालू नका.

तयारी आदल्या दिवशी. लॅपटॉपवर व्हॉल्व्हच्या साइटवरून स्टीम ओएसची, म्हणजे डेक ज्यावर चालतो त्या प्रणालीची, रिकव्हरी फाईल उतरवा आणि निदान ८ जीबीच्या पेनड्राईव्हवर 'रूफस' किंवा 'बालेना एचर'ने चढवा. डेकला यूएसबी-सी एकच आहे, म्हणून पेनड्राईव्हसाठी छोटा हब किंवा जोडणी लागेल. ज्या गेमची प्रगती स्टीमच्या क्लाउडवर जात नाही, त्यांच्या सेव्ह फायली बाजूला काढा. बॅटरी पाव भागाखाली उतरवा, कारण भरलेल्या लिथियम बॅटरीला चुकून टोक लागणं वाईट.

आता क्रमाने. सगळ्यात आधी मायक्रोएसडी कार्ड बाहेर काढा. हे विसरलात तर मागचं झाकण उचलताना कार्ड मधोमध तुटतं, आणि असं करणारे तुम्ही पहिले नसाल. यंत्र बंद करा, आवाज वाढवायचं बटण दाबून धरून पॉवर दाबा, 'सेटअप युटिलिटी'त जा आणि पॉवरखाली 'बॅटरी स्टोरेज मोड' निवडा. यंत्र गाढ झोपतं, आता चार्जर लावल्याशिवाय उठणार नाही.

पालथं घाला, खाली मऊ टॉवेल. मागे आठ स्क्रू आहेत, चार लांब, चार आखूड. कागदावर यंत्राचं चित्र काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवा. एलसीडीवाल्याला साधा फुलीचा बारीक पेचकस लागतो, ओलेडवाल्याला टॉर्क्स टी६, म्हणजे सहा पाकळ्यांचा. मग मुठीच्या बाजूने फटीत प्लास्टिकची पात घाला आणि हळूहळू फिरवा. क्लिपा सुटताना 'कट्ट' असा आवाज येतो. पहिल्यांदा काळजात धस्स होतं, पण तो आवाज योग्य आहे. माझी आई दारातून बघत होती, म्हणाली, ''एवढ्या म्हागाच्या खेळण्याचा पॉट कित्याक फाडतंस रे?'' तिला उत्तर देताना हात हलवू नका.

आत पत्र्याचं एक आवरण दिसेल. एलसीडी मॉडेलमध्ये त्याला तीन स्क्रू असतात, त्यातला एक चंदेरी पट्टीखाली लपलेला. तो सापडला नाही म्हणून पत्रा ओढू नका. पत्रा निघाला की बॅटरीची जोडणी तिच्या पट्टीला धरून सरळ मागे ओढून सोडवा. आता डिस्कचा एकच स्क्रू. तो काढला की डिस्क आपोआप तिरकी वर उचलते. ओढून घ्या, तिच्यावरची धातूची चकाकती पिशवी काढून नव्या डिस्कला चढवा. नवी तिरकीच आत सरकवा, खाली दाबा, स्क्रू लावा, बॅटरी जोडा, पत्रा लावा.

झाकण परत लावताना घाई नको. एलसीडी मॉडेलचे स्क्रू प्लास्टिकमध्येच बसतात, आटे गेले की कायमचे गेले. स्क्रू आधी उलटा फिरवा, जुन्या आट्यात 'टक्' करून बसला की मगच सुलटा. घट्ट लागला की थांबा, 'अजून थोडा' करू नका. उघडलंच आहे तर झाकण लावण्याआधी पंख्यावरची धूळ मऊ ब्रशने काढून घ्या. समुद्राच्या वाऱ्यावर राहणाऱ्यांच्या यंत्रात ती चिकट असते.

चार्जर लावा म्हणजे यंत्र जागं होईल. ऐन या वेळी लाईट गेली तर चांगला पॉवर डिलिव्हरीवाला पॉवर बँक चालतो. पेनड्राईव्ह जोडा, आवाज कमी करायचं बटण दाबून धरून पॉवर दाबा, 'टुंग' वाजलं की सोडा, यादीतून पेनड्राईव्ह निवडा. डेस्कटॉप दिसला की यंत्र पुन्हा नव्याने बसवण्याचं चित्र दाबा आणि होकार द्या. मग वायफाय, स्टीमचं खातं, थोडे अपडेट. कार्ड परत घातलं की त्यातले गेम जसेच्या तसे दिसतात. दुसऱ्यांदा उतरवायला लागत नाहीत.

विंडोजवरच्या यंत्रांत जुनी डिस्क बाहेरच्या यूएसबी खोक्यात घालून नव्या डिस्कवर हुबेहूब उतरवणं सोपं पडतं. कंपन्या इंटरनेटवरून सगळी विंडोज परत बसवायची सोयही देतात, पण ती काही जीबी मागते. आपल्या लाईनवर मी तो जुगार खेळणार नाही. खोकं घेताना ते २२३० माप धरतं का ते बघा.

काढलेली जुनी डिस्क फेकू नका. त्याच खोक्यात घातली (६४ जीबीवाल्या डेकची सोडून) की तीच तुमचा माळा. ज्या गेमला वर्षभर हात लागणार नाही ते तिच्यावर चढवून ठेवा आणि लागला तर तासाभरात खाली आणा.

दमट हवेतली निगा

जून ते सप्टेंबर जास्तीची कार्डं आणि ती बाहेरची डिस्क मी घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवतो. चपलांच्या खोक्यात आणि औषधांच्या बाटल्यांत मिळतात त्याच पुड्या, पण दोन पावसाळ्यांनंतर बदला. तांदळात ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, तांदळाची पूड कार्डाच्या पट्ट्यांवर बसते. कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नये. बोटाचा घाम आणि खारी हवा मिळून डाग पडतात. पडलाच तर कोरड्या मऊ कापडाने पुसा, खोडरबर शेवटचा उपाय.

किनाऱ्यावर बसून खेळायचा मोह होतो तेव्हा कार्ड तिथे बदलू नका. खाचेत वाळूचा एक कण गेला की कार्ड अर्धवट बसतं आणि यंत्र 'कार्ड नाही' म्हणत राहतं. बदलायचं ते घरी ओटीवर, हात धुऊन आणि पुसून. आणि महिन्यातून एकदा तरी प्रत्येक कार्ड यंत्रात घालून त्यातला एखादा गेम उघडून बघा. कार्ड बिघडत चाललं असेल तर गेम उघडायला नेहमीपेक्षा वेळ लागतो किंवा स्टीम फायली तपासताना सारखे दोष दाखवतं. तेव्हाच त्यातले गेम दुसरीकडे हलवून घ्या, पाऊस उघडायची वाट बघू नका.